यंदा अजिंक्यताऱ्याला रोपं नकोत, विळे द्या

५ जून, पर्यावरण दिन, जवळ आला की फोन वाजायला लागतो. या आठवड्यात 'अजिंक्यताऱ्यावर झाडं लावायला चला' म्हणून चार ठिकाणांहून निरोप आले. बोलावणारी सगळी ओळखीची, मनानं चांगली माणसं आहेत. एकेकाला फोनवर 'जमणार नाही' म्हणत बसण्यापेक्षा इथं सविस्तर लिहिते. वेळ नाही म्हणून मी येत नाहीये असं नाही. आपण डोंगराचं जे करतोय ते चुकतंय असं मला वाटतं, आणि वाटत असून गप्प बसणं मला आता जमत नाही.

गोडोलीच्या बाजूनं मी २२ वर्षं हा डोंगर चढतेय. आधी आण्णांबरोबर, आण्णा गेल्यावर काही वर्षं एकटी, आणि आता सकाळच्या आठ-नऊ जणांच्या घोळक्यात. सातारकरांना वेगळं सांगायला नको, पण बाहेरच्या मित्रमंडळींसाठी सांगते. अजिंक्यतारा म्हणजे साताऱ्याला लागून असलेला किल्ल्याचा डोंगर. डोंगर हाच आमचा पार्क. पहाटे साडेपाचला शाळेतली पोरं पळत वर जातात, निवृत्त माणसं काठी टेकत जातात, मंगळाईच्या दर्शनाला बायका जातात, पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली वळणावळणावर घाम गाळत असतात. वर दूरदर्शनचा मनोरा, खाली पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत पसरलेलं गाव. इतक्या जवळ इतका मोठा मोकळा डोंगर महाराष्ट्रात किती शहरांच्या नशिबी असेल?

आता मुद्द्यावर येते.

२०१६ साली १ जुलैला राज्यात एका दिवसात २ कोटी झाडं लावायची मोहीम झाली. पुढच्या वर्षी ४ कोटी, मग १३ कोटी, मग ३३ कोटी. त्या पहिल्या पावसाळ्यात आमच्या गटानंही ४० झाडं लावली. वड, पिंपळ, जांभूळ, करंज, कडुनिंब. खड्डे आम्हीच घेतले. मुरमाड जमीन, पहार वाजायची नुसती. दोन-तीन उन्हाळे आम्ही पाच-पाच लिटरचे कॅन खांद्यावर मारून पाणी घातलं, आळी केली, पालापाचोळ्याचं आच्छादन केलं, शेळ्या खातात म्हणून बांबू रोवून हिरवी जाळी बांधली. चाळीसातली २३ जगली. डोंगरावर हे प्रमाण वाईट नाही.

आज त्यातली ५ उरली आहेत. पाण्यावाचून गेलेली थोडी. बाकीची जळाली.

या वर्षीची गोष्ट सांगते. होळीला चार दिवस होते. संध्याकाळी सात वाजून गेल्यावर गच्चीवरचे पापड काढायला गेले आणि डोंगराच्या उतारावरच्या 'चार भिंती' या जागेच्या वरच्या अंगाला लाल रेघ दिसली. ग्रुपवर एकच शब्द टाकला, वणवा. वीस मिनिटांत आम्ही नऊ जण पायथ्याशी होतो. वणवा जवळून न बघितलेल्यांना वाटतं की पाणी घेऊन जायचं असतं. तिथं पाणी कुठलं आणायचं? निरगुडीच्या नाहीतर करंजाच्या ओल्या डहाळ्या तोडायच्या, वारा पाठीशी घ्यायचा आणि जाळाच्या बुडाला डहाळी दाबून ओढायची. धोपटायची नाही. धोपटलं की ठिणग्या उडून मागचं गवत पेटतं. हे मला फार पूर्वी एका वनमजुरानं हाताला धरून शिकवलं. कुसळीचं गवत पेटलं की आवाज कसा येतो माहितीये? पत्र्यावर पावसाची सर यावी तसा. अंधारात तो आवाज आपल्याकडं सरकत येतो तेव्हा पोटात गोळा येतो. वनखात्याचे लोक ब्लोअर घेऊन आले, तरुण पोरं आली, आणि रात्री साडेअकराच्या सुमाराला शेवटची धग विझली.

सकाळी परत गेलो. तळव्याखाली बूट गरम लागत होता. आमच्या एका करंजाची हिरवी जाळी वितळून खोडाला चिकटली होती. ती नखानं सोलायला गेले तर बरोबर सालही निघून आली आणि खाली ओलसर, पिवळट, भाजलेलं खोड. ज्याला दोन-तीन उन्हाळे पाणी घातलं, त्याला आपण घातलेल्या जाळीनंच पोळून मारलं. चार पावलांवर एका दगडाच्या आडोशाला दोन अंडी होती, तडकलेली. तित्तराची असावीत. मी तिथं बसून रडले, यात लपवण्यासारखं काही नाही.

त्याच दिवशी एकानं ग्रुपवर लिहिलं, 'जाऊ द्या ताई, पावसाळ्यात दुप्पट लावू.' आणि माझ्या डोक्यात तिथं काहीतरी तुटलं. दुप्पट लावून काय करणार? पुढच्या फाल्गुनात दुप्पट जाळायची?

डोंगर दर वर्षी जळतो कशामुळं? कुणी विडी टाकतं, कुणी मुद्दाम काडी लावतं, 'जाळलं की गवत जोमानं येतं' हा जुना समजही आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात राखीव वनात आग लावणं हा गुन्हा आहे आणि तो नोंदलाही पाहिजे. पण काडी टाकणारा माणूस पन्नास वर्षांपूर्वीही होताच. फरक पडलाय तो गवतात. तेव्हा होळीपर्यंत डोंगरावर जळण्यासारखं गवत शिल्लकच राहत नव्हतं.

माझी आजी, आईची आई, बोगद्यापलीकडच्या एका वाडीतली. दसरा-दिवाळी झाली की वाडीतल्या बायका विळे घेऊन डोंगराला लागायच्या. गवताचा लिलाव व्हायचा, घेणाऱ्याकडून कापणीची मजुरी मिळायची, शिवाय भाऱ्यामागं आपला वाटा. आजी सांगायची, डोक्यावर भारा घेऊन बोगद्यातनं यायचं आणि साताऱ्यात टांगेवाल्यांना विकायचं. घरोघरी म्हशी होत्या, घोडे होते, गवताला गिऱ्हाईक होतं. संक्रांतीला डोंगर भादरल्यासारखा दिसायचा. त्यात पडली एखादी काडी तर वीतभर जळून विझायची. आजीनं आयुष्यात 'पर्यावरण' हा शब्द ऐकला नसेल. पण या डोंगराचा वणवा तिच्यासारख्या शे-दोनशे बायकांच्या विळ्यांनी अडवून धरला होता, हे मला वयाच्या पन्नाशीत कळलं.

टांगे गेले. शहरातल्या म्हशी गेल्या. गोडोली, शाहूपुरी पालिकेच्या हद्दीत आल्या, २०२० च्या हद्दवाढीनंतर तर पायथ्याची सगळी वस्ती शहरच झाली. गवत मात्र पहिल्यासारखंच उगवतंय. कमरेएवढं वाढतं, वाळतं, उभ्याउभ्या होळीची वाट बघतं.

दक्षिण बाजूला एक म्हातारबा अजून दोन म्हशी आणि पाच शेळ्या राखून आहेत. त्यांना विचारलं, तुम्ही का नाही कापत? म्हणाले, "आगं पोरी, गवात कापाय मान्सं हायती कुठं आता? माजी पोरं एमआयडीसीत. म्या एकल्यानं किती कापू? आन तुमी समदी येताय ती झाडं लावाय येताय. कापाय कोन आलंय का आजपातूर?"

त्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

या डोंगराचा इतिहास आपण बुरुज आणि दरवाजे यांच्या अंगानं सांगतो. शिलाहार भोज राजानं बाराव्या शतकाच्या शेवटी किल्ला बांधला, १६७३ मध्ये शिवाजी महाराजांनी घेतला, १६९९ च्या डिसेंबरात औरंगजेब स्वतः येऊन पायथ्याशी बसला, प्रयागजी प्रभूंनी चार महिने किल्ला लढवला, पुढं १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक याच साताऱ्यात झाला. हे सगळं पोरांना पाठ असतं, असलंच पाहिजे. पण त्या वेढ्यातली एक गोष्ट आपण सांगायची विसरतो. औरंगजेबाच्या छावणीत हजारो घोडे, हत्ती, उंट, बैल. त्यांना रोज वैरण लागायची. वैरणीला बाहेर पडलेल्या मोगली टोळ्यांवर मराठ्यांचे स्वार तुटून पडायचे. तोफांची, सुरुंगांची लढाई जेवढी मोठी, तेवढीच ही गवताची. ज्याच्या ताब्यात कुरण त्याचं घोडदळ उभं. बोगद्यापलीकडं कुरणेश्वराला आपण श्रावणात जातो, त्या देवाच्या नावातच कुरण आहे.

आणि रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र, राज्यकारभार कसा करावा हे सांगणारं. किल्ला बांधायचा तर आधी पाणी बघा, असं त्यात सांगितलंय. गडाच्या घेऱ्यातली, म्हणजे भोवतीच्या उतारावरची, झाडी ही गडाची राखण, ती जपून वाढवा, तिच्यातली काठीसुद्धा तोडू देऊ नका, हेही त्यात आहे. तीनशे वर्षांपूर्वीच्या राज्यकर्त्यानं डोंगराचा उतार आणि वरचं तळं यांचा असा एकत्र विचार केला होता. घेऱ्याच्या राखणीला माणसं नेमलेली असायची, मेटावर म्हणजे चौकीवर बसलेली, आणि त्या कामाबद्दल त्यांना इनामं-वतनं होती. डोंगर राखणं हा कुणाच्या तरी पोटापाण्याचा धंदा होता. १८१८ नंतर इंग्रजांनी ती राखण मोडली. तिथून पुढं घेरा म्हणजे कुणाचाच नाही, नाहीतर मग फक्त सरकारचा.

'मग झाडं लावूच नयेत का?' असं कालच एका मैत्रिणीनं विचारलं. लावावीत, पण कुठं आणि कुठली ते बघून. ओघळींत, घळईत, तळ्यांच्या काठाला, जिथं माती खोल आहे तिथं उंबर, वड, जांभूळ येतात आणि आपलेआप टिकतात. उघड्या मुरमाड सोंडेवर मुळात गवतच आहे, आणि ते पडीक म्हणून नाही. ती त्या उताराची नैसर्गिक वस्ती आहे. पवना, मारवेल, कुसळी यांच्या मुळांचं जाळं पावसात माती धरून ठेवतं. पावसाळ्यात त्याच गवतात तेरडा, सोनकी फुलते, चंडोल आणि तित्तर त्याच गवतात घरटी करतात. शेजारच्या सज्जनगडाच्या कड्याला शिंदळ माकुडी नावाची वनस्पती आहे, अख्ख्या जगात फक्त आपल्या सह्याद्रीत होणारी. उघड्या खडकाच्या फटीत तिचं घर. तिथं उद्या कुणी माती भरून गुलमोहर लावला तर त्याला आपण निसर्गसेवा म्हणायचं का?

आणि उंदीरमारी, म्हणजे आपलं गिरिपुष्प. डोंगर लवकर हिरवा दिसावा म्हणून ठिकठिकाणी लावली, कारण शेळ्या सहजी तोंड लावत नाहीत, जळाली तरी बुडातून फुटते. मूळची मध्य अमेरिकेतली. आता तिच्या दाट सावलीत खाली गवतही नीट येत नाही. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या संस्थेचा वृक्षारोपण सोहळा झाला, नाव लिहीत नाही, त्यांनी आणलेल्या रोपांत निम्मी हीच होती. मांडव, बॅनर, सारख्या रंगाचे टी-शर्ट, फोटो, अकरा वाजता सगळे खाली. दुसऱ्या दिवशी आम्ही रोपांच्या काळ्या पिशव्या गोळा केल्या, तीन पोती भरली. काही रोपं पिशवीसकट खड्ड्यात ठेवलेली होती.

आपल्याच जिल्ह्यातली दोन उदाहरणं यासाठी डोळ्यांसमोर ठेवण्यासारखी आहेत. कास. २०१२ ला जागतिक वारसा म्हणून नाव झालं, गर्दी उसळली, जाळीचं कुंपण घातलं. मग गुरं चरायची बंद झाली म्हणून फुलं कमी झाली का, गवत माजलं का, यावर केवढा वाद झाला! जागेचं रक्षण म्हणजे माणूस आणि गुरं बाहेर काढणं, एवढं ते सोपं नाही, हे कासनं आपल्याला शिकवलं. तिथं आसपासच्या गावांच्या समित्या वनखात्याबरोबर काम करतात, शुल्क घेतात, माणसं नेमतात. उणिवा असतील, पण पठाराला विचारणारं कुणी आहे.

दुसरं महादरे. ज्या तळ्याचं पाणी उतारानं जुन्या साताऱ्याच्या हौदांत खेळवलं, त्याच्या आसपासचं जंगल आता फुलपाखरांसाठी संवर्धन राखीव क्षेत्र आहे. शहराच्या कडेला! हे आपोआप झालेलं नाही. वर्षानुवर्षं तिथं जाऊन कुठलं फुलपाखरू कुठल्या झाडावर अंडी घालतं याच्या वह्या भरणाऱ्या माणसांमुळं झालं. अशा राखीव क्षेत्रासाठी वन्यजीव कायद्यात समितीची तरतूद आहे, तिच्यात स्थानिक गावाचा माणूस बसतो. डोंगराळ गावांना संयुक्त वन व्यवस्थापन समित्या आहेत, वणवा रोखला, तोड थांबवली म्हणून संत तुकाराम वनग्राम योजनेत बक्षीसं आहेत. केंद्राची २०२० पासून नगर वन योजना आहे, तिच्यासाठी पुण्यातलं वारज्याचं वन नमुना म्हणून दाखवलं गेलं. मग अजिंक्यताऱ्याला काय आहे? सकाळी चालणाऱ्यांचे आठ-दहा व्हॉट्सॲप ग्रुप आणि प्रत्येकाचा वेगळा वृक्षारोपणाचा रविवार.

शेजारच्या सांगली जिल्ह्यात सागरेश्वर उभं राहिलं ते धों. म. मोहिते यांच्या चिकाटीवर. उजाड डोंगर होता, १९८५ ला त्याचं अभयारण्य झालं, जवळजवळ ११ चौरस किलोमीटर. तिथं कौतुक लावलेल्या झाडांचं होतं. मला त्याहून मोठं वाटतं ते हे, की माणूस रोज जात राहिला, भांडत राहिला, राखत राहिला.

म्हणून माझं म्हणणं असं. यंदाच्या पावसाळ्यात नवे खड्डे घेऊ नका. आहेत त्या झाडांच्या बुडाशी हातभर रिंगण साफ करा, जुन्या प्लॅस्टिकच्या जाळ्या काढून टाका, काटेरी फांद्यांची कुंपणं करा. वरच्या तळ्यांतला गाळ आणि बाटल्या पाऊस धरायच्या आत काढल्या तर उन्हाळ्यात पक्ष्यांना आणि रोपांना पाणी मिळेल. एवढंच. आणि खरी ताकद राखून ठेवा दिवाळीनंतरच्या कामाला.

कार्तिकात गवताचं बी झडून जातं, फुलं संपलेली असतात. तेव्हा कापणी सुरू करायची. सगळा डोंगर एकदम कापायचा नाही. एक पट्टा कापायचा, एक ठेवायचा, पुढच्या वर्षी उलट, म्हणजे पाखरांना आडोसा राहील. पायवाटेच्या आणि गाडीरस्त्याच्या दोन्ही कडांना मात्र पूर्ण साफ, दोन माणसं हात पसरून उभी राहतील एवढी रुंद जाळरेषा, आणि ती संक्रांतीच्या आत. वनखात्याकडं माणसं कमी आहेत. वणव्याच्या रात्री धावपळ करताना त्यांना मी बघितलंय, त्यांना दोष देऊन काही होणार नाही. पण एका सोहळ्याच्या मांडव-बॅनर-नाश्त्याचा खर्च जर कापणीच्या मजुरीला दिला, तर पायथ्याच्या वाड्यांतल्या बायकांना हंगामी काम मिळेल, म्हातारबांच्या म्हशींना वैरण मिळेल आणि आपल्या जगलेल्या झाडांना पुढचा पावसाळा बघायला मिळेल. ज्यांना मजुरीवर माणसं लावायची नाहीत त्यांनी स्वतः विळा धरावा. हात दुखतो, कमर धरते, मोज्यात कुसळं घुसतात. पण खड्डा खणण्यापेक्षा काही अवघड नाही.

हा फोटो बिटो चांगला येईल असला कार्यक्रम नाही, हे मला माहितीये. कापलेल्या गवताजवळ उभं राहून काढलेला फोटो झाड तोडल्यासारखा दिसतो, कमेंटमध्ये लोक शिव्या घालतील. गेल्या वर्षी आम्ही चार जणांनी वळणाजवळचा एक तुकडा कापून बघितला तेव्हा एका फिरायला आलेल्या काकांनी आम्हाला थांबवून चांगलंच सुनावलं होतं, निसर्गाची नासधूस करता म्हणून. त्यांना बसवून सगळं समजावलं. या मार्चच्या वणव्यात तो तुकडा आणि त्याच्या मागची सहा झाडं वाचली. काका आता आमच्यात आहेत, सगळ्यांचे विळे तेच धार लावून आणतात.

वनखात्याच्या जागेत परवानगीशिवाय कापायचं नाही, हे आधीच सांगते. अर्ज लिहून तयार आहे. त्यात कुठले पट्टे, किती दिवस, कापलेलं गवत कुणाला द्यायचं, हे नकाशावर दाखवलंय. आत्तापर्यंत ३१ सह्या झाल्यात. पायथ्याच्या दोन वाड्यांतल्या बायकांच्या ९ आहेत, त्यातल्या एकीनं सही करताना विचारलं की मजुरी रोजच्या रोज मिळणार का. मिळाली पाहिजे, तेही अर्जात घातलंय. ज्या चार मंडळांनी मला बोलावलंय त्यांनी या अर्जावर आपापल्या मंडळाचं नाव घालावं, ही विनंती. ५ तारखेला सकाळी साडेसहाला मी गोडोलीच्या वाटेच्या तोंडाशी कागद आणि पेन घेऊन उभी असेन. कुदळी घेऊन वर निघालेले भेटाल तेव्हा दोन मिनिटं थांबा, आणि वर गेल्यावर नव्या खड्ड्याआधी त्या भाजलेल्या करंजाकडं एकदा बघून या. चार भिंतीच्या वर, तिसऱ्या वळणाला, डाव्या हाताला आहे. बुडाशी बोटभर कोवळा फुटवा आलाय.